वाहत्या पाण्याचे मोल : आदिलाबाद जिल्हा आणि लघु जलविद्युत

व्यापारी मनुष्याने धान्याच्या भावाविषयी लिहावे, वीजनिर्मितीविषयी लिहू नये, असे आमच्या एका स्नेह्यांनी मला हसत हसत सुचविले. त्यांचे म्हणणे अगदीच गैर आहे असे नाही. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. चाळीस वर्षांहून अधिक काळ ज्वारी, तूर, हरभरा व सोयाबीन यांच्या घाऊक व्यवहारात गेला. तथापि ज्या धंद्यात डाळमिल, चाळणी, वजनकाटा आणि गोदामातील दिवा ही सारी विजेवर अवलंबून आहेत, त्या धंद्यातील माणसाने वीज कोठून येते आणि उद्या कोठून येणार आहे, याचा विचार करणे हे त्याचे कामच आहे. शिवाय या विषयात माझा स्वतःचा एक जुना हिशेब अडकलेला आहे. तो यथास्थळी सांगेन.

आपला जिल्हा पाणी आणि कोळसा या दोहोंनी संपन्न आहे. उत्तरेस पैनगंगा, दक्षिणेस गोदावरी, आणि मध्ये सातमाळ्याच्या डोंगररांगा. १९५६ पूर्वी किनवट व राजुरा हे तालुकेही याच जिल्ह्यात होते. पुढे २०१६ साली जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. आपले आप्तसंबंध व उधारी-वसुली या सीमा मानीत नाहीत, म्हणून या लेखात 'जिल्हा' या शब्दाने जुना जिल्हाच समजावा. पूर्वेकडे बेल्लमपल्ली, मंदमर्री या कोळशाच्या खाणी. मंचेरियालजवळील जयपूर येथे सिंगरेणी कंपनीचे १२०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र, आणि गोदावरीपलीकडे रामगुंडम येथे २६०० मेगावॅटचे. आपला दिवा आजवर मुख्यतः कोळशावर जळत आला.

परंतु कोळशाचा काळ उताराला लागणार हे आता उघड आहे. भारताने २०२१ साली ग्लासगो येथील परिषदेत २०७० पर्यंत कार्बन-उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. कोळशाची जागा सूर्य आणि वारा घेतील असे म्हणतात व ते बव्हंशी खरे आहे. मात्र सूर्य मावळतो तो नेमका दिवे लावावयाच्या वेळी. यास्तव जे पाणी रात्रीही वाहते त्याच्याकडे लक्ष वळते. २५ मेगावॅटपर्यंतच्या जलविद्युत केंद्रास सरकार 'लघु' म्हणते. आपल्या जिल्ह्यात या लघु जलविद्युतीला कितपत वाव आहे, एवढाच या लेखाचा विषय.

पाणचक्की

पाण्याकडून काम करून घेण्याची कला आपल्याकडे नवी नाही. आपला जिल्हा ज्या जुन्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच संस्थानातील औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील पाणचक्की आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून दर्ग्यापर्यंत आणले, ते उंचावरून चक्रावर सोडले, आणि त्या चक्राने जाते फिरविले. त्यावर दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंसाठी व फकिरांसाठी धान्य दळले जाई. दळून झाले तरी पाणी नाहीसे झाले नाही. ते पुढे हौदात गेले. पाण्याचे बळ घ्यावे आणि पाणी जसेच्या तसे पुढे द्यावे, हेच जलविद्युतीचे तत्त्व. जात्याच्या जागी वीज करणारे यंत्र बसविले की झाले. हिंदुस्थानात ते प्रथम १८९७ साली दार्जिलिंगनजीक सिद्रापोंग येथे अवघ्या १३० किलोवॅटच्या केंद्राने करून दाखविले. म्हणजे आपल्या देशातील जलविद्युतीचा जन्म लघु रूपातच झाला.

हिशेबाचे सूत्र

या विद्येचा हिशेब धान्याच्या व्यापाऱ्यास समजण्याइतका सोपा आहे. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, म्हणजे १० क्विंटल. दर सेकंदाला १० क्विंटल पाणी एक मीटर खाली पडले, तर यंत्रातील घट वजा जाता सुमारे ८ किलोवॅट वीज हाती येते. पाणी दहापट झाले की वीज दहापट. उंची दहापट झाली तरी वीज दहापट. म्हणून कोणत्याही जागेविषयी तीनच प्रश्न विचारावयाचे : पाणी किती, उंची किती, आणि वर्षातून दिवस किती.

उदाहरणार्थ, एखाद्या कालव्यात सेकंदाला १० घनमीटर पाणी वाहते आणि एका ठिकाणी ते ५ मीटर खाली उतरते असे धरू. तेथे ४०० किलोवॅट वीज होईल. चोवीस तासांत ९६०० युनिट. हा कालवा वर्षभर वाहिला तर ३५ लाख ४ हजार युनिट मिळतील. पण तो १२० दिवसच वाहत असेल तर ११ लाख ५२ हजार. युनिटास ५ रुपये धरले, तर पहिला आकडा १ कोटी ७५ लाख २० हजार रुपयांचा आणि दुसरा ५७ लाख ६० हजारांचा. यंत्र तेच, भिंत तीच, कर्जाचे व्याजही तेच. फरक फक्त दिवसांचा आहे.

तिसरा प्रश्न न विचारल्याने माणूस कसा बुडतो, हे मी स्वानुभवाने जाणतो.

कुंतलाचे दोन ऋतू

आपल्या जिल्ह्यात जलविद्युत म्हटले की प्रथम कुंतला आठवते. नेरेडीगोंड्यापासून जवळच कदम नदी सुमारे ४५ मीटर उंचीवरून कोसळते. श्रावणात तेथे उभे राहिले तर शेजारच्याचा शब्द ऐकू येत नाही. ते दृश्य पाहून 'केवढी ही शक्ती वाया जात आहे' असा उद्गार व्यापाऱ्याच्या तोंडून सहज निघतो. माझ्याही निघाला होता.

परंतु आपला पाऊस चार महिन्यांचा आहे. चैत्र-वैशाखात तेच पात्र खडकांचे होते आणि धार बारीक होत जाते. समजा त्या दिवसांत सेकंदाला २० लिटर पाणी राहिले. वरील सूत्राने ४५ मीटरवरून त्याची वीज होते सुमारे ७ किलोवॅट. एवढ्यावर दहा अश्वशक्तीची पिठाची गिरणीही धड चालावयाची नाही! उलट जुलै २०२२ मध्ये, आषाढात, याच कदम नदीने खालच्या कदम प्रकल्पावर सुमारे ५ लाख क्युसेक पाणी आणले. धरणाच्या दारांची पाणी सोडण्याची शक्ती त्याहून पुष्कळ कमी होती, आणि खालच्या गावांनी ती रात्र जागून काढली. त्याच धरणास १९५८ च्या पुरातही खिंडार पडले होते. म्हणजे एका ऋतूत हाती धरता येत नाही इतके पाणी, आणि दुसऱ्या ऋतूत ओंजळ भरेल इतकेच.

शिवाय कुंतला हे केवळ पाणी नव्हे. तेथे सोमेश्वराचे स्थान आहे, महाशिवरात्रीस यात्रा भरते, सभोवार वन आहे आणि गोंड बांधवांची वस्ती आहे. तेथे वीजप्रकल्प उभारण्याचा प्रस्ताव पूर्वी पुढे आला आणि त्यास स्थानिक लोकांनी विरोध केला, हे आपल्यातील कित्येकांस स्मरत असेल. त्या विरोधास काही जणांनी अज्ञान म्हटले. माझ्या मते ते अज्ञान नव्हते. जल, जंगल आणि जमीन यांसाठी लढताना कोमरम भीम यांनी १९४० साली जोडेघाट येथे प्राण वेचले, तो हाच प्रदेश. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी अशा गावांच्या ग्रामसभेस आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार दिला आहे. ज्यांच्या दारातून पाणी जाते त्यांस विचारल्यावाचून त्या पाण्याचा सौदा करणे आपल्या व्यापारनीतीतही बसत नाही.

माझी चूक

आता तो जुना हिशेब. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या गावी एक गृहस्थ आले. या भागातील एका धबधब्यावर (कुंतला नव्हे, दुसऱ्या) छोटे वीजकेंद्र काढावयाचे, भागभांडवल स्थानिक व्यापाऱ्यांनी घालावयाचे, आणि सहा वर्षांत मुद्दल परत, असा त्यांचा बेत होता. गुळगुळीत कागदावर छापलेली पुस्तिका होती, धबधब्याचे रंगीत चित्र होते. मी पाच लाख रुपये घातले. एवढ्यावर राहिलो असतो तर गोष्ट माझ्यापुरती राहिली असती. परंतु माझ्या शब्दावर विश्वास ठेवून बाजारातील आणखी दोन घरांनी रक्कम दिली. त्यांपैकी एक घर विधवा भगिनीचे होते.

पुढच्या फाल्गुनात त्या धबधब्याच्या गावचा एक गोंड शेतकरी ज्वारी घेऊन दुकानी आला. वर्षानुवर्षांचा आमचा व्यवहार. चहा घेता घेता मी मोठ्या उत्साहाने त्यास बेत सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "शेठजी, तुम्ही तिथं वैशाखात कधी आला होतात का?"

मी गेलो नव्हतो. चित्र पावसाळ्यातले होते, मीही पावसाळ्यातच पाहून आलो होतो. त्या वैशाखात मुद्दाम गेलो. कड्यावरून पाणी नुसते पाझरत होते. खाली डोहात म्हशी बसल्या होत्या. घरी येऊन पुस्तिका पुन्हा उघडली. श्रावणातील पाण्याला ३६५ ने गुणले होते, दुसरे काही नाही. गुणाकार बिनचूक होता! तुरीचे एक पोते घेताना परखी खुपसून तळापर्यंतचा दाणा पाहणारा मी. वीज घेताना मात्र वरचे मूठभर दाणे पाहून सौदा केला होता. केंद्र उभे राहिले नाही, ते गृहस्थही पुन्हा आले नाहीत. त्या भगिनीची रक्कम मी तीन वर्षांत थोडी थोडी करून फेडली. दुसऱ्या घराने घेण्यास नकार दिला, म्हणाले, "तोटा तुमचाही झालाच ना, काका." ते ऋण अजून शिल्लक आहे, आणि हा लेख लिहिण्याचे एक कारणही तेच.

कोठाराविना धान्य नाही

यावरून लघु जलविद्युतच खोटी असा अर्थ कोणी काढू नये. मीही काही वर्षे तसेच मानीत होतो. ते चूक होते. चार महिन्यांत येणारे धान्य आपण बारा महिने विकतो ते कशाच्या बळावर? कोठाराच्या. पाण्याचेही तसेच आहे.

मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्यासाठी टाटांनी १९१० साली कंपनी काढली, तेव्हा घाटमाथ्यावर पाऊस चार महिन्यांचाच होता. म्हणून त्यांनी प्रथम लोणावळ्यास तलाव बांधले. तेथे साठविलेले पाणी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीस उतरविले. १९१५ पासून ती वीज मुंबईस मिळू लागली. भांडवल हिंदी लोकांचे, ग्राहक कापसाच्या गिरण्या, आणि आधी कोठार मग यंत्र, हा क्रम.

आपल्या शेजारचे उदाहरण येलदरीचे. परभणी जिल्ह्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. त्याच्या पायथ्याशी २२.५ मेगावॅटचे केंद्र आहे. धरणातून सोडलेले पाणी आधी यंत्र फिरविते, मग खालच्या सिद्धेश्वर धरणात जाते, आणि तेथून कालव्यांनी शेतांत. एकाच पाण्याचे दोनदा मोल होते आणि शेतकऱ्याच्या वाट्याचा एक थेंबही कमी होत नाही. पैठणास नाथसागराच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचे यंत्र आहे. ते उलट फिरवून खालचे पाणी पुन्हा वर चढविता येईल असे बनविलेले आहे.

आमच्या दक्षिण सीमेवर, पोचमपाड येथे श्रीरामसागर प्रकल्प आहे. पंडित नेहरूंच्या हस्ते १९६३ साली त्याची कोनशिला बसविण्यात आली. काकतीय कालव्याच्या मुखाशी तेथे ३६ मेगावॅटचे केंद्र आहे; 'लघु'च्या मर्यादेहून ते थोडे मोठे, पण तत्त्व तेच. पुढे त्याच कालव्यावर पेद्दपल्लीच्या भागात जेथे जेथे पाणी पायरीने उतरते तेथे छोटी छोटी यंत्रे बसविली, ती सारी मिळून ९.१६ मेगावॅटची. निजामसागर धरण १९३१ साली पुरे झाले. तेथेही आज १० मेगावॅटचे केंद्र आहे. या ठिकाणी नवे गाव बुडवावे लागत नाही, नवे वन तोडावे लागत नाही, आणि धबधबाही कोरडा करावा लागत नाही. धरण व कालवा शेतीसाठी आधीच बांधलेले आहेत. पाणी उतरताना जे बळ वाया जाते तेवढेच घ्यावयाचे.

माझ्या मते आपल्या जिल्ह्यातील न वापरलेली शक्ती असलीच तर ती या जागी आहे : साथनाला, मत्तडीवागू, कदम अशा धरणांच्या पाणी सोडण्याच्या दारांशी, आणि त्यांच्या कालव्यांच्या उतारांशी. चित्रात ती शोभत नाही. धबधब्याला पाहुणे येतात, कालव्याच्या पायरीला कोणी येत नाही.

आकड्यांची मर्यादा

येथे आशा प्रमाणात ठेवणे आवश्यक आहे. सरकारी अंदाजाप्रमाणे सबंध देशात लघु जलविद्युतीच्या ७ हजारांहून अधिक जागा असून त्यांची शक्ती सुमारे २१ हजार मेगावॅट आहे. आजवर त्यातील सुमारे ५ हजार, म्हणजे चौथा हिस्सा, वापरात आला. महाराष्ट्राचा वाटा सुमारे ७८६ मेगावॅट, त्यातील जवळपास निम्मा वापरलेला. तेलंगणाचा वाटा मात्र अवघा १०२ मेगावॅटच्या आसपास, आणि त्यातीलही मोठा भाग वापरात आलेला आहे. सबंध राज्याची लघु जलशक्ती एकट्या जयपूर केंद्राच्या दहाव्या हिश्शाइतकीही भरत नाही. तेव्हा कोळशाची जागा आमचे ओढे घेतील असे जो सांगेल, त्याचा माल घेऊ नये.

मग तिचा उपयोग काय? मोठ्या पेढीत जो उपयोग गल्ल्यातील सुट्या पैशांचा, तोच. दिवसाची गरज सूर्य भागवील; पण सायंकाळी चार-पाच तास पाण्याचे यंत्र चालविता आले, तर तेवढी वीज मोलाची ठरते. पाणी सोडण्याची वेळ थोडी पुढेमागे करता येते, सूर्याची येत नाही. शिवाय केंद्र गावाजवळ असल्यास तारांतील गळती वाचते. उभारणीचा खर्च सौर केंद्राहून पुष्कळ अधिक येतो हे खरे. पण नीट राखलेले जलयंत्र पिढ्यान्पिढ्या चालते.

लोकांची वीज

भांडवल आणि मालकी यांचाही एक धडा आहे. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव तालुक्यातील बिलगाव या आदिवासी गावाने २००३ साली उदय नदीवर १५ किलोवॅटचे छोटे केंद्र उभारले. केरळातील तरुण अभियंत्यांनी विद्या दिली, गावाने श्रमदान केले, आणि घरोघर दिवे लागले. पुढे २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्यात ते केंद्र बुडाले. छोट्याला मोठ्याने गिळले. तरीही आपली वीज आपण करू शकतो, एवढे त्या गावाने सिद्ध केले.

दुसरीकडे चीनने हजारो छोटी केंद्रे उभारली. यांग्त्सेच्या खोऱ्यात त्यांची एवढी दाटी झाली की नद्यांचे कित्येक भाग कोरडे पडले, आणि अलीकडे सरकारला पुष्कळ केंद्रे बंद करावी लागली. लहान असणे म्हणजे निरुपद्रवी असणे नव्हे. पाणी गाळून वापरण्याचा आणि गरजेपुरतेच घेण्याचा संस्कार आपल्या घरांत आजी-पणजींनी केला आहे. तोच नदीलाही लागू आहे. पात्रात नदीपुरते पाणी राहिलेच पाहिजे.

आपण काय करावे

सभासद बंधुभगिनींना तीन सूचना सविनय करतो. पहिली : कोणीही जलविद्युतीची योजना घेऊन आला तर त्याच्याकडे बारा महिन्यांच्या पाण्याचा रोजमेळ मागावा; एका दिवसाचे चित्र पाहून रक्कम देऊ नये, आणि जागा वैशाखात स्वतः जाऊन पाहावी. दुसरी : आपल्या संघाने पाटबंधारे खात्याकडे विनंतीअर्ज करून जिल्ह्यातील धरणांतून व कालव्यांतून रोज किती पाणी सुटते आणि कोठे किती मीटर उतरते, याची नोंद मागवावी. अर्जाला खर्च कागदाचा. आणि ती नोंद हाती आली की कोणती जागा खरी व कोणती खोटी हे आपले मुनीमदेखील सांगू शकतील. तिसरी : खरी जागा निघालीच, तर गावकऱ्यांना भागीदार करून घ्यावे, मजूर म्हणून नव्हे. धंद्यात जो पहिला इशारा देतो तो खरा मित्र. मला तो एका ज्वारीवाल्याने दिला होता, पण मी रक्कम दिल्यानंतर. आधी विचारले असते तर तीन घरे वाचली असती.

येत्या दीपावलीस आपण नव्या चोपड्या पुजू. त्यात एक पान पाण्यासाठी राखून ठेवावे, अशी माझी नम्र इच्छा आहे. जमा किती आणि किती दिवस, एवढ्या दोनच रकान्यांचे ते पान असावे. जय जिनेंद्र.